राणीचं जेवण, दाईचं पोट: रॉयल जेलीच्या खुराकाची गोष्ट

आज ज्या पदार्थाबद्दल बोलायचंय तो तुम्ही बहुतेक पाहिलेला असणार. कॅप्सूलच्या डबीवर, फेस क्रीमच्या जाहिरातीत, नाहीतर कुणीतरी परदेशातून आणून फ्रिजमध्ये जपून ठेवलेल्या इवल्याशा बाटलीत. रॉयल जेली. मराठीत म्हणायचं तर राजान्न, राणी माशीचं अन्न. पांढरट, दाटसर, चवीला आंबट आणि किंचित जिभेला चावणारं.

मध कुठून येतो ते आपल्याला माहीत असतं. माशी फुलातला रस आणते, पोळ्यात आटवते, झाला मध. रॉयल जेली मात्र जगातल्या कुठल्याच फुलात नसते. ती कामकरी माशीच्या डोक्यातल्या ग्रंथींतून पाझरते, आणि तीही सगळ्या वयाच्या माश्यांच्या नाही. जन्मल्यापासून साधारण पाचव्या ते पंधराव्या दिवसापर्यंत माशी पोळ्यातच राहून अळ्या सांभाळते. ती पोळ्यातली दाई. या दिवसांत तिच्या ग्रंथी भरलेल्या असतात. म्हणजे मध हा साठवलेला माल आहे, तर रॉयल जेली जवळपास दुधासारखी आहे. आणि दुधासारखी म्हटलं की कुठल्याही गोठेवाल्याच्या डोक्यात जो प्रश्न पहिला येईल, तोच आजचा आपला प्रश्न: हिला पेंड काय घालायची?

ऐकायला गमतीशीर वाटतं, पण हा प्रश्न नीट सुटायला जवळजवळ दोनशे वर्षं लागली. आणि माझं मत असं की रॉयल जेलीचा खरा इतिहास राणीचा नाहीच. तो दाईच्या जेवणाचा आहे.

सुरुवात करू एका पाद्र्यापासून. आडाम शिराख हा जर्मनीतल्या लुसेशिया भागातला खेड्यातला धर्मगुरू, मधमाश्यांचा नादिष्ट. १७६०च्या दशकात त्याने एक साधा प्रयोग केला. थोड्या कामकरी माश्या आणि पोळ्याचा एक तुकडा एका छोट्या पेटीत बंद केला. तुकड्यात अंडी आणि अळ्या होत्या, राणी नव्हती. तोवर समज असा की राणी ही जन्मतःच वेगळ्या अंड्यातून येते, राजाच्या पोटी राजा तशी. पण शिराखच्या पेटीतल्या माश्यांनी एका साध्या कामकरी अळीभोवतीचं घर मोठं केलं, तिला वेगळं खाऊ घातलं आणि राणी तयार केली! मोठमोठ्या निसर्गशास्त्रज्ञांना हे आधी पचलं नाही. जे अंडं दासी होणार, तेच जेवण बदललं तर राणी होतं, ही गोष्ट त्या काळच्या युरोपात किती अडचणीची असेल ते तुम्हीच बघा.

त्यानंतर येतो फ्रांस्वा ह्यूबर. जिनिव्हाचा. तरुणपणीच दृष्टी गेली, आणि तरीही मधमाश्यांवरचं त्या काळातलं सगळ्यात बारीक निरीक्षण याच माणसाचं. ते कसं? फ्रांस्वा बर्नां नावाचा त्याचा मदतनीस डोळे व्हायचा. ह्यूबर प्रश्न विचारायचा, बर्नां पेटी उघडून तासन्‌तास बघायचा, उत्तर द्यायचा. ह्यूबरचं पुस्तक १७९२ साली आलं. शिराख बरोबर होता हे त्याने पुन्हा तपासून दाखवलं.

पण आपल्या गोष्टीसाठी ह्यूबरचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. तोवर विद्वानांचं मत होतं की माश्या पायांना लावून आणतात तो पराग म्हणजे मेणाचा कच्चा माल. ह्यूबरने माश्या कोंडून त्यांना फक्त मध किंवा साखर दिली, तरी त्यांनी मेण तयार केलं. म्हणजे मेण गोडापासून होतं. मग पराग कशाला? तर पराग अळ्यांसाठी. मध भरपूर आणि पराग नाही, अशा पेटीत पिल्लावळ वाढेना. पराग दिला की वाढू लागली.

इथे पहिला धागा हाती लागतो. गोड खाऊन माशी उडेल, मेण करेल, थंडीत तगून राहील. पण दुसऱ्याला भरवायचं असेल तर तिच्या स्वतःच्या पोटात पराग हवा. परागात प्रथिनं असतात आणि जेलीही प्रथिनांवर उभी असते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पुढची गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात आवडते. योहान झिएरझोन, सायलेशियातला, म्हणजे आजच्या पोलंडमधला. हाही धर्मगुरूच. (या विषयात पाद्र्यांची इतकी गर्दी का, यावर खरं तर वेगळा एपिसोड होईल. घरामागे बाग, हातात वेळ आणि चर्चला मेणबत्त्यांसाठी मेण, असा माझा अंदाज.) वसंताच्या अगदी सुरुवातीला, अजून फुलं उमलली नव्हती, तेव्हा झिएरझोनच्या लक्षात आलं की आपल्या माश्या पायांना काहीतरी पांढरं लावून परत येतायत. फुलं नाहीत, मग पराग कुठला? शोध घेतला तर त्या शेजारच्या पिठाच्या गिरणीतून येत होत्या. राय नावाच्या धान्याचं पीठ गोळा करून!

कुठल्या शास्त्रज्ञाने माश्यांना पूरक आहार दिला नव्हता. माश्यांनी तो स्वतः शोधला होता. झिएरझोनने मग आपल्या माश्यांसाठी पीठ ठेवायला सुरुवात केली. अमेरिकेत लँगस्ट्रॉथने, म्हणजे आजच्या मधपेटीतली सुटी निघणारी चौकट ज्याच्या नावावर आहे त्याने, आपल्या पुस्तकात ही गिरणीची हकीकत सांगितली आणि ती सगळीकडे पसरली.

अर्थात तेव्हा कुणालाच जेली विकायची नव्हती. पीठ द्यायचं ते एवढ्यासाठीच की वसंतात अळ्या लवकर वाढाव्यात आणि मोहर येईपर्यंत पेटी माश्यांनी भरलेली असावी. जेली हा पोळ्याच्या आतला मामला होता, बाजाराचा नव्हता.

बाजाराकडे नेणारं तंत्र आलं ते वेगळ्याच गरजेतून. न्यूयॉर्क राज्यातला गिल्बर्ट डूलिटल हा राणी माश्या तयार करून विकायचा. १८८९ साली त्याने आपल्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. मेणाच्या छोट्या वाट्या करायच्या, प्रत्येकीत चिमूटभर जेली ठेवायची, तिच्यावर अगदी कोवळी कामकरी अळी अलगद उचलून ठेवायची, आणि वाट्यांची ती पट्टी राणी नसलेल्या पेटीत टांगायची. दायांना वाटतं, राणी नाही, करायला हवी. त्या वाट्या जेलीने भरू लागतात. याला ग्राफ्टिंग म्हणतात. जगभर राणी माश्या आजही बहुतेक याच वाटेने तयार होतात.

आता डूलिटलच्या पद्धतीत एक पायरी बदला. अळीची राणी होऊ देऊ नका. तिसऱ्या दिवशी, वाटी जेलीने सर्वांत भरलेली असताना पट्टी बाहेर काढा, अळी चिमट्याने उचलून टाका आणि खालची जेली खरवडून घ्या. झाली रॉयल जेलीची कापणी. एका वाटीत मिळते साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम. हिशेब करा: एक किलो जेलीसाठी तीन ते पाच हजार वाट्या, म्हणजे तितक्याच अळ्या, ज्यांना तीन दिवस राणीसारखं जेवण मिळालं आणि मग काहीच नाही.

आता परत पेंडीकडे. विसाव्या शतकात मायकोला हायडाक नावाचा युक्रेनियन संशोधक अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात मधमाश्यांच्या आहारावर काम करत होता. १९३५ साली त्याने एक प्रयोग प्रसिद्ध केला. माश्यांना फक्त गोड द्यायचं, प्रथिनाचा कण नाही, आणि बघायचं. ह्यूबरच्या अनुभवावरून काय अपेक्षा? अळ्या वाढणार नाहीत. पण माश्यांनी काही काळ अळ्या वाढवल्या! मग प्रथिनं आली कुठून? हायडाकने माश्यांच्या शरीरातला नायट्रोजन मोजला. तो घटला होता. दाया स्वतःच्या अंगातलं काढून भरवत होत्या.

हे वाक्य जरा मनात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या धंद्याचा ताळेबंद त्यात आहे. पेटीत साखरेचा पाक ठेवला की माश्यांची लगबग वाढते, वाट्याही भरतात, मालकाला वाटतं छान चाललंय. पण पराग नसेल तर तो खर्च दाईच्या अंगावर पडतो. तो तिच्या आयुष्यातून आणि पुढच्या पिढीच्या तब्येतीतून वसूल होतो.

हायडाकने मग पर्याय शोधला. त्याच्या नावाने प्रसिद्ध झालेलं मिश्रण असं: तीन भाग सोयाबीनचं पीठ, एक भाग यीस्ट, एक भाग साय काढलेल्या दुधाची पावडर. पाकात मळून गोळा करायचा आणि चौकटींवर ठेवून द्यायचा. पुढे १९५३ साली डी ग्रूट या डच संशोधकाने माशीला कोणती अमिनो आम्लं बाहेरून मिळायलाच हवीत ते शोधून काढलं. निघाली दहा. आता पराग चांगला की वाईट हे रंगावरून ठरवायची गरज उरली नाही. एकाच जातीच्या फुलाचा पराग कितीही मिळाला तरी त्यात त्या दहांपैकी एखादं कमी असू शकतं, म्हणून अनेक फुलं असलेलं रान माश्यांना मानवतं, हेही समजलं.

आणि सोयाबीन? आपल्याकडे मराठवाडा-विदर्भात ज्याच्यावर शेतकऱ्याचं वर्ष ठरतं ते हे पीक प्रथिनांनी गच्च आहे, पण माशीच्या पोटाला ते सरळ नाही. त्यात काही अशा साखरा आहेत ज्या माशीला पचत नाहीत, जास्त झाल्या तर विषासारख्या बाधतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटकही असतात, म्हणून पीठ भाजून-तापवून घ्यावं लागतं. थोडक्यात, गिरणीतलं पीठ माशीने स्वतः आणलं म्हणून कुठलंही पीठ तिला चालतं असं नाही.

एवढी तयारी झाली आणि मग एक पोप आजारी पडले.

१९५४ साली पोप पायस बारावे गंभीर आजारी होते. त्यांचे डॉक्टर रिकार्दो गालेआत्सी-लिसी यांनी त्यांना दिलेल्या उपचारांत रॉयल जेली होती. पोप बरे झाले. नेमकं कशाने, हे सांगणं अवघड, कारण उपचार काही एकच नव्हता. पण वर्तमानपत्रांना तेवढं पुरलं. फ्रान्समध्ये जेलीची औषधं आधीच बाजारात येऊ लागली होती, आता तिला थेट व्हॅटिकनचा शिक्का मिळाला. (या डॉक्टरांबद्दल सांगायलाच हवं: ते मुळात डोळ्यांचे डॉक्टर. १९५८ साली पोप वारले तेव्हा त्यांनी शेवटच्या दिवसांची छायाचित्रं आणि हकीकत प्रसारमाध्यमांना विकली आणि त्यांची व्हॅटिकनमधून हकालपट्टी झाली.)

'राणी जेली खाते, म्हणून ती वर्षानुवर्षं जगते आणि कामकरी माशी उन्हाळ्यात सहा आठवड्यांत मरते.' ही जाहिरात तेव्हापासून आजतागायत चालू आहे. त्यातलं माशीबद्दलचं विधान खरं आहे. पण माणूस म्हणजे अळी नव्हे. जेलीतलं नेमकं काय अळीची राणी करतं, यावर संशोधकांचे वाद अजून चालू आहेत. २०११ साली जपानी संशोधक कामाकुरा यांनी एका प्रथिनाकडे बोट दाखवलं, त्यावर पुढे इतरांनी आक्षेप घेतले. त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने जेलीचे आरोग्यविषयक दावे तपासले आणि कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असा निर्वाळा दिला. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना मात्र ती खरोखर त्रासदायक, क्वचित जीवघेणी ठरली आहे. ऑस्ट्रेलियात तर बाटलीवर तसा इशारा छापावा लागतो. हे एवढंच सांगतो आणि पुढे जातो, कारण बाटली विकत घेणाऱ्याची गोष्ट कमी आणि बाटली भरणारीची जास्त, असा आपला बेत आहे.

मागणी वाढली, जपान मोठं गिऱ्हाईक झालं, आणि पुरवठ्याची जागा घेतली चीनने. १९५०च्या दशकाच्या शेवटी तिथे जेली काढायला सुरुवात झाली. माशी तिथली मूळची नाही, इटालियन जातीची. सुरुवातीला एका पेटीतून वर्षाला काहीशे ग्रॅम निघायची. आज जगातल्या रॉयल जेलीपैकी सुमारे ९० टक्के चीनमधून येते, आणि चांगल्या पेटीचं वार्षिक उत्पादन सुरुवातीच्या दहापटीच्याही पुढे गेलंय.

हे झालं कसं? याचं केंद्र झेजियांग प्रांत, शांघायच्या दक्षिणेचा. तिथल्या पिंगहू, श्याओशान या भागातल्या मधपाळांनी एक गोष्ट सातत्याने केली. ज्या पेटीत जेली जास्त मिळते तिच्याच राण्या वाढवायच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायच्या, पुन्हा निवडायच्या. गावातला चांगला वळू सगळ्यांनी वापरावा तसं. पुढे झेजियांगच्या कृषी विद्यापीठाने त्यात शास्त्रीय निवडीची भर घातली. मेणाच्या वाट्यांऐवजी प्लॅस्टिकच्या वाट्यांच्या तयार पट्ट्या आल्या. तीन दिवसांचं चक्र पक्कं झालं: अळ्या ठेवा, ७२ तासांनी काढा, खरवडा, लगेच नव्या अळ्या ठेवा. अळी उचलायला नजर तीक्ष्ण लागते, कारण ती एक दिवसाचीही नसते, डोळ्याला जेमतेम दिसते.

वाण कितीही चांगला असो, गाय नुसत्या वाळल्या कडब्यावर दूध देत नाही. दर तीन दिवसांनी शंभर-शंभर वाट्या भरणाऱ्या दायांना प्रथिनं अखंड हवीत. म्हणून मोहरीवर्गातल्या पिवळ्या फुलांच्या हंगामात चीनमधले मधपाळ पेट्या ट्रकवर चढवून फुलांच्या मागे देशभर फिरतात. फुलं संपली की आधी साठवलेल्या परागाचे गोळे, ते महाग पडले तर त्यात सोयाबीनचं पीठ आणि यीस्ट, सोबत साखरेचा पाक.

झेजियांगमध्ये शरद ऋतूत एक सुंदर पेच पडतो. चहाच्या मळ्यांना फुलं येतात. हो, चहाला फुलंही येतात, पांढरी, मधोमध पिवळ्या केसरांची. त्यांचा पराग भरपूर आणि जेलीसाठी अव्वल. पण त्याच फुलांचा मधुरस अळ्यांना बाधतो, अळ्या पोळ्यात सडतात. एकाच फुलात पक्वान्नही आणि विषही. उपाय काय? पेटीत पातळ साखरपाक देत राहायचं, म्हणजे पोळ्यातला चहाचा रस सौम्य होतो, आणि पराग मात्र दायांच्या पोटात जात राहतो. इथे साखर जेली 'वाढवायला' दिलेली नाही, परागातली प्रथिनं निर्धोक वापरता यावीत म्हणून दिलेली आहे. पूरक खाद्य म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो.

पण नाक मुरडणाऱ्यांचाही मुद्दा आहेच. युरोपातल्या उत्पादकांची तक्रार अशी की आमच्या माश्या फुलांवर जगतात, त्यांच्या पाक आणि पिठावर, आणि बाटलीवर नाव एकच. भाव मात्र आमचा पडतो. हा वाद शेवटी २०१६ साली आयएसओच्या मानकात उतरला. मानक क्रमांक १२८२४. त्यात रॉयल जेलीचे सरळ दोन प्रकार केले आहेत. प्रकार १: माश्यांनी फक्त त्यांचं नैसर्गिक अन्न, म्हणजे पराग, मधुरस, मध खाल्लेलं असताना मिळालेली. प्रकार २: त्यासोबत इतर प्रथिनं, साखरा दिलेल्या असताना मिळालेली. दोन्ही रॉयल जेलीच. म्हणजे दाईच्या ताटात काय होतं यावरून राणीच्या जेवणाची प्रतवारी ठरली.

हे ओळखायचं कसं? इथे आपला ऊस गोष्टीत येतो. ऊस आणि मका ही पिकं हवेतला कार्बन इतर बहुतेक झाडांपेक्षा वेगळ्या रस्त्याने घेतात. त्यामुळे त्यांच्या साखरेत जड कार्बनचं, कार्बन-१३चं प्रमाण किंचित जास्त असतं. माशीने उसाच्या साखरेचा पाक प्यायला की ती खूण तिच्या जेलीत उतरते, आणि प्रयोगशाळेतल्या यंत्राला ती दिसते.

आपल्याकडे पाक देणं ही चोरी नाही, गरज आहे. महाबळेश्वरच्या पट्ट्यात पावसाळ्याचे महिने धुवांधार, माशीला बाहेर पडता येत नाही, फुलंही नाहीत. सातेरी माश्यांच्या पेट्या जगवायच्या तर साखरपाक द्यावाच लागतो. १९६२ पासून पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, मधपाळांना प्रशिक्षण मिळतं, पण जेलीचा धंदा आपल्याकडे चीनसारखा उभा राहिला नाही. त्याचं एक साधं कारण सातेरीच्या वसाहतीत आहे. ती आकाराने छोटी. दाया कमी, म्हणून वाट्याही कमी. इटालियन माशी देशात रुजली ती १९६०च्या दशकात, पंजाब-हिमाचलकडे, आणि तिच्याकडून आपण मुख्यतः मधच मागितला.

आता त्या यंत्राची मर्यादाही सांगून टाकतो. युरोपात साखर बिटापासूनही होते, आणि बीट कार्बन घेतं ते फुलझाडांच्याच रस्त्याने. त्यामुळे बिटाच्या साखरेचा पाक दिला तर कार्बनची ही खूण उमटत नाही, नमुना फुलांवरच्या जेलीसारखा दिसतो. म्हणून प्रकार १ विकणाऱ्या उत्पादकांना नुसत्या प्रयोगशाळेच्या कागदावर भागत नाही, पेटीत कधी काय ठेवलं याची नोंदवही लागते. तुमच्या हातात पुढे कधी ती बाटली आली, तर लेबलवर टक्केवारी आणि राणीचं चित्र हमखास सापडेल. प्रकार १ की २, हे छापलंय का ते बघा आणि खाली कमेंटमध्ये सांगा.